सदाची गाडी आम्ही चुकवली

सुनंदावहिनी, ऋतुजा, तालमीची मंडळी, कागलच्या एमआयडीसीतनं शिफ्ट बदलून आलेले सदाचे सोबती, आणि माझ्या पेठेतल्या माणसांनो,

मागं उभे आहात त्यांनी पुढं या, जागा आहे. मला खरं तर हा माइक नको होता. आत्ता माझी ओळख करून दिली, "सदाभाऊंना घडवणारे सर" म्हणून. ते ऐकून मान खाली गेली माझी. सगळी नोकरी मी शाळेच्या मैदानावर ओरडण्यात घालवली. माझा आवाज या चौकाला पाठ आहे. आज हळू बोलतो. सांभाळून घ्या.

सदा गेला. कारखान्यातनं आला, चहा टाका म्हणाला, आणि चहा उकळेपर्यंत गेला. पन्नाशीचा माणूस. कुणाला त्रास नाही, कुणाला धावपळ नाही. जातानाही कुणाचा वेळ घेतला नाही त्यानं. आणि आपण त्याचा किती घेतला, तेच सांगायला मी उभा आहे.

मी सदाला पहिल्यांदा बघितला कुरुंदवाडला. शाळांच्या बेसबॉल स्पर्धा होत्या आणि मी जिल्ह्याचा निवडकर्ता होतो. आपल्याकडं फुटबॉल सोडून दुसऱ्या खेळाचं नाव काढलं की लोक विचारतात, "क्रिकेट झेपलं न्हाय व्हय?" तेव्हा बेसबॉलच्या निवडकर्त्याला काय मान असणार, बघा. मी गेलो होतो एका धिप्पाड पोराला बघायला. चेंडू थेट उसात घालवतो अशी त्याची ख्याती. त्यानं बॅट फिरवली, चेंडू उंच गेला, मी म्हटलं, गेला उसात. तर मैदानाच्या पार टोकाला, जिथं आउटफिल्डवाले उभे असतात तिथं, एक बारकंसं पोर पळत सुटलेलं. बॅट चेंडूला लागायच्या आधीच पळत होतं ते! उसाच्या कडेला जाऊन त्यानं तो चेंडू झेलला.

मी बोलावून विचारलं, "तुला आधीच कसं कळलं रं?"

म्हणाला, "सर, मारणाऱ्याचा फुडचा पाय बघायचा. पाय कुठं पडतोय त्यावरनं कळतंय की चेंडू कुठं येणार."

"आणि एवढी घाई कशाला?"

"माझ्या हातात जोर न्हाय सर. लांबनं फेकाय येत न्हाय. म्हणून आधीच पळायचं."

हा आपला सदा. उंची नाही, ताकद नाही, फेक नाही. मी त्याला जिल्ह्याच्या संघात घेतला तो राखीव म्हणून, आणि मनात म्हटलं, हा इथंवरच. तो विभागाला गेला. मी म्हटलं, हा इथंवरच. राज्याच्या शिबिरात त्याला शेवटच्या रांगेत उभा केला, तिथंही मी शेजारच्या निवडकर्त्याला सांगितलं, पोरगं गुणी आहे, पण इथंवरच. आणि दर वेळी कुणाचा तरी पाय मुरगळायचा, कुणाला ताप यायचा, सदा आत जायचा, आणि मग त्याला बाहेर काढायची कुणाची हिंमत व्हायची नाही. मी त्याला घडवला नाही हो. मी फक्त दर वेळी चुकत गेलो आणि तो दर वेळी एक पायरी चढत गेला.

मग दिल्लीचं बोलावणं आलं. भारताच्या संघाची निवड चाचणी. तोवर तो मामाकडं राहायला आपल्या पेठेत आला होता, आपला झाला होता. आता पेठेचा पोरगा दिल्लीला निघाला म्हटल्यावर आपण गप्प बसणार? आपण कोल्हापूरकर! हलगी आली, उघडी जीप आली, गुलालाची पोती आली. सदाला फेटा बांधला. मलाही बांधला. खरं सांगतो, मला तो फेटा फार आवडला.

दुपारची गाडी होती. तालमीपासून निघालो. चौकाचौकात हार, प्रत्येक मंडळाचा वेगळा. मग नारळ नगरसेवकांच्या हस्ते फोडायचा म्हणून थांबलो. नाना, तुम्ही तब्येत बरी नसताना आज आला आहात, तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही मी. तुम्ही यायला उशीर केलात, पण थांबायचं आम्हीच ठरवलं होतं. सदा जीपमधनं वाकून माझ्या कानात म्हणाला, "सर, गाडी चुकंल." आणि मी काय म्हणालो? आठवतंय का कुणाला? मी म्हणालो, "आरं, गाडी काय पळून जातीय व्हय? स्टेशनमास्तर आपलाच हाय!"

सगळे हसले. पोरांनी परत हलगी धरली.

गाडी गेली. कुठल्याही माणसाची गाडी जशी वेळेवर जाते, तशी गेली. पोरांनी त्याला तसाच जीपमध्ये घालून मिरजेपर्यंत पिटाळला, तिथनंही ती सुटली होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला तो. परत आला तेव्हा आम्ही घेराव घालून विचारलं, "काय झालं रं?" म्हणाला, "घेतली की चाचणी. मीच कमी पडलो."

आणि आपण सुटलो, माणसांनो. आपण सगळे सुटलो. गाडी चुकली तरी चाचणी झाली ना, मग आपलं काय चुकलं? कमी पडला तो. त्या दिवसापासनं त्याचं नाव पडलं दिल्लीकर. चहाच्या गाड्यावर दिल्लीकर, गणपतीच्या मांडवात दिल्लीकर. "काय दिल्लीकर, बॅट इथंच विसरलासा व्हय?" तो हसायचा. पुढच्या वर्षी परत निवड आली तेव्हा मी बैठकीत म्हणालो, हे पोरगं गावात पळतं, बाहेर गेलं की गळपटतं. आणि मीच त्याचं नाव खोडलं. त्यानंतर त्याला कुणीच बोलावलं नाही. तो फाउंड्रीत लागला. रविवारी मैदानावर पोरींना शिकवायचा. मारणाऱ्याचा फुडचा पाय बघा म्हणायचा.

त्याच्या रक्षाविसर्जनाला वाईहून एक गृहस्थ आले होते. सदाबरोबर राज्याच्या संघात होते, त्या चाचणीलाही होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, सदानं चाचणी दिलीच नव्हती."

मी म्हटलं, काय सांगताय?

म्हणाले, "तो आला तेव्हा चाचणी आदल्या दिवशी संपली होती, आम्ही परतीच्या गाडीसाठी तिथंच थांबलो होतो. त्याला आतच घेतलं नाही. दिवसभर फाटकाबाहेर ग्लोव्ह मांडीवर घेऊन बसला होता. कानाच्या मागं गुलाल तसाच होता. मी म्हटलं, अरे, तुझ्या लोकांना सांग तरी, त्यांच्यापायी झालं हे. तर माझा हात धरून म्हणाला, कोल्हापुरात कुणाला सांगू नका. लई हौसेनं काढलती मिरवणूक."

लई हौसेनं काढलती मिरवणूक.

मी तसाच घरात गेलो आणि वहिनींना विचारलं. त्यांना माहीत होतं. लग्नापासून माहीत होतं. म्हणाल्या, "ह्यांनी शपथ घातलती." म्हणजे ती माउली सांजसकाळ दारात उभी राहून ऐकत होती, आपण तिच्या नवऱ्याला दिल्लीकर म्हणून हाक मारताना. आणि चहा करून देत होती आपल्याला!

मला लाज वाटते. शोकसभेत असं बोलू नये, गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं, हे मला कळतं. पण त्याचं चांगलं बोलायचं म्हटलं की आपलं वाईट बोलावंच लागतं, त्याला मी काय करू? एवढा मोठा झेल त्यानं आयुष्यात दुसरा घेतला नाही. आपली चूक आपल्या अंगावर पडायच्या आधीच तो पळत जाऊन तिच्याखाली उभा राहिला. आणि आपण वर बघून टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

आता दोन गोष्टी बोलतो आणि थांबतो.

बाहेर चौकात तालमीनं फ्लेक्स लावला आहे, कै. सदाशिव ऊर्फ दिल्लीकर. पोरांनो, मायेनं लावला आहे तुम्ही, मला माहीत आहे. तो आज उतरवा.

दुसरी गोष्ट. ऋतुजाला भारताच्या मुलींच्या संघाच्या चाचणीचं बोलावणं आलं आहे. बापासारखीच आउटफिल्डला खेळते. बापाचं बारावं झालं आणि वहिनी म्हणाल्या, पोरगी जाणार. आज जाणार. आणि मी इथं येताना काय बघितलं? दाराशी जीप उभी आहे. फुलांनी सजवलेली. पुढं सदाचा मोठा फोटो. मी विचारलं, हे काय? पोरं म्हणाली, "सर, सभा झाली की सदाभाऊंचा फोटू फुडं घालून आख्खी पेठ ऋतुजाला स्टेशनपतूर सोडाय जाणार. गुलाल न्हाय, हलगी न्हाय. एकदम शांततेत."

शांततेत! चौकाचौकात थांबत, हार घालत, शांततेत!

आपण किती चांगली माणसं आहोत, आणि किती अवघड. त्या जीपकडं पाठ केली मी. हे सगळं बोलू का, म्हणून मी वहिनींना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "बोला की सर. पर माझ्या पोरीची गाडी चुकवू नका."

म्हणून मी मागच्या दाराला एक रिक्षा आणून उभी केली आहे. ऋतुजाची बॅग आत ठेवली आहे. तिच्या बापाचा ग्लोव्ह वर ठेवला आहे, मी नाही, तिच्या आईनं.

आपण आता उभं राहू. श्रद्धांजलीला मौनाची दोन मिनिटं मोजायची रीत आहे, ती आज बाजूला ठेवू. ऋतुजा, बाळ, आम्ही उभं राहिलो की तू निघायचंस. कुणाच्या पाया पडत बसायचं नाही. आणि तुम्ही, माझ्या माणसांनो, कुणीही तिला थांबवायचं नाही. पाठीवर हात नको, हार नको, दोन शब्द नकोत, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा आशीर्वादसुद्धा नको. फक्त वाट मोकळी करायची. ती रिक्षा चालू होऊन कोपऱ्यावरनं वळल्याचा आवाज येईपर्यंत आपण गप्प उभं राहायचं.

उठा. वाट द्या तिला.