बाळंतिणीच्या खोलीचा पडदा

माझं माहेर देगलूरकडं, तेलंगणाच्या शिवेला लागून, तिकडं एकाच घरात मराठी न् तेलुगू दोन्ही बोलतात, आन् लग्न होऊन हैदराबादला आले ती इथलीच झाले. मालक अफझलगंजला जडीबुटीच्या दुकानात पुड्या बांधायला होते, आता नाहीत. घर काचीगुड्याच्या मागं. माझं काम म्हणाल तर बाळंतिणी. बाईचं अंग रगडायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, पोट बांधायचं, लेकराला पायावर घेऊन अंघोळ घालायची. बरकतपुऱ्यात आशी गल्ली नाही जिथलं लेकरू माझ्या पायावर न्हालं नाही. तेलुगूवाले बालिंता म्हणतात, मुसलमान जच्चा म्हणतात, आपण बाळंतीण म्हणतो, पण कंबर सगळ्यांची एकाच जागी दुखते, काय सांगू तुम्हाला.

हे काम सासूनं शिकवलं. लई कडक बाई. हात चालवायचं मागून शिकवलं, आधी तोंड बंद ठेवायचं शिकवलं. बाळंतिणीच्या खोलीत बाई कशी आसती, ताई, तुम्हाला लेकरं हायत, तुम्हाला माहीत हाय. अंगावर धड कपडा नाही, दूध गळतंय, टाके दुखतायत, कधी नवऱ्याचं काही बोलती, कधी पोरगी झाली म्हणून रडती. सासू म्हणायची, हितं बघितलं ते हितंच ठेवायचं. तिचा रिवाज होता, न्हाणं झालं की उरलेल्या ऊन पाण्यानं उंबऱ्यावर हात धुवायचे, मगच भाईर पाय टाकायचा, म्हणजे आतलं आत ऱ्हातं. मी आजबी तसंच करते. एकदा एका घरच्या सासूबाई चहाचा कप हातात देऊन हळूच इचारायल्या, सून माझ्याबद्दल खोलीत काय बोलती. मी म्हणलं, अम्मा, चहा गोड हाय. पुन्हा इचारलं. मी पुन्हा म्हणलं, लई गोड हाय.

आता जमाना बदलला, बाया फोटो पाठवतात. लेकराच्या अंगावर पुरळ आलं, पाठव फोटो, टाके लाल झाले, पाठव फोटो. मी बघते, सांगते, हे शेकून जाईल, हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात जा. म्हणजे बगा, ती खोली आता माझ्या फोनात आली. माझ्या लेकीनं फोनला कुलूप लावून दिलं. अंगठ्याचं लावायला गेली तर माझा अंगठा लागंना, तेलानं न् ऊन पाण्यानं रेघाच गुळगुळीत झाल्या, रेशनच्या मशीनवर आजबी ह्योच तमाशा आसतो. मग बोटानं नक्षी काढायचं कुलूप लावलं.

त्या दिवशी दुपारची अफझलगंजहून सामान घेऊन निघाले. चिक्कडपल्लीला एक पोरगी होती, पहिलटकरीण, लावण्या म्हणा, खरं नाव मी सांगणार नाही, तुम्ही हे वहीत लिहूलालात. तिच्या छातीत दुधाची गाठ झाली होती, सकाळीच फोटो पाठवला होता, रडत होती, मी म्हणलं येते. पिशवीत बाळंतशेपा, ओवा, डिंक न् निरगुडीचा वाळलेला पाला. पुलाकडं पोलीस उभे होते, गांजाची तपासणी म्हणं. एक हवालदार, मिशा पांढऱ्या, पोट सुटलेलं, त्यानं पाल्याची पुडी बघितली न् त्याचे डोळेच चमकले. अम्मा, ये क्या है? म्हणलं निरगुडी हाय, बाळंतिणीच्या पाण्यात टाकतात, हुंगून बगा. हुंगला न् असा शिंकला की बाजूची माणसं हसायली. पिशवी उलटीपालटी करून बघितली. मनात म्हणलं, बघू दे, त्याचं काम हाय, गांजानं आमच्या गल्लीतली पोरं वाया गेली, कोणी बघायलाच पाहिजे. पण मग म्हणाला, फोन खोलो.

म्हणलं, फोन कैकू? म्हणाला, मेसेज देखना है. म्हणलं, नक्को. म्हणाला, सब लोगां दिखा रहे, तुमकू क्या हुआ, छुपाने का कुछ नहीं तो डर कैकू? हे बोलणं मला लागलं, ताई. म्हणलं, भाई, तुमच्या घरी बाळंतीण आसती तवा खोलीला पडदा लावता ना? मग आत काय चोरी चालती म्हणून लावता का? तो चिडला, म्हणाला, अंगूठा रखो. मी ठेवला, माझं काय जातंय. फोन काही उघडंना. पुन्हा ठेव म्हणाला, पुन्हा ठेवला. लोक आणखी हसायले न् तो आणखी चिडला, फोन हातातून घेतला न् म्हणाला, गाडीत बसा.

ठाण्यात बाकड्यावर बसवलं. भ्याले नाही म्हणलं तर खोटं होईल. ठाण्यात बसून आलेल्या बाईला कोण आपल्या लेकीसुनेजवळ जाऊ देईल? आन् उघडून दिलं तर मी कोणत्या तोंडानं त्यांच्या घरी जाऊ? लावण्याचा फोटो सगळ्यात वर होता, उघडताच तोच दिसला आसता. टेबलावर फोन वाजायचा, तिचाच आसणार, न् मी हितं बसलेली. साहेब आला, तरुण होता, शांत बोलला, दाखवा न् जा, अम्मा, कशाला ताप करून घेता. मी इचारलं, साहेब, माझा गुन्हा काय? म्हणाला, गुन्हा नाही, नुसती तपासणी हाय. मग मला कुठून बळ आलं माहीत नाही. म्हणलं, गुन्हा नाही तर माझा फोन तुमच्या टेबलावर काऊन? पिशवी बघितली, मी दाखवली. माझ्यावर शक आसंल तर कोर्टाचा कागद आणा, बाई पोलीस बोलवा, मी हितं बसते. पण त्याच्यात जे हाय ते माझं नाही, बायांचं हाय, मी नुसती राखण करते. सरकार मोठं हाय, मी मानते, रस्ता सरकारचा, दिवा सरकारचा, माझ्या लेकीला लस सरकारनं दिली. पण घराला उंबरा आसतो, साहेब. सरकारनंबी तिथं थांबून इचारायचं आसतं.

 साहेबानं फोन माझ्याकडं सरकवला. माफी नाही, काही नाही. मी पुड्या गोळा केल्या न् थेट चिक्कडपल्ली गाठली, लावण्याची गाठ शेकून सोडवली, तिला म्हणलं रस्त्यात गर्दी होती.

घरी लेक रागावली, आई, दाखवून टाकलं आसतं, तुझं काय गेलं आसतं? बरकतपुऱ्यातल्या एका घरानं काम बंद केलं, ठाण्यातली बाई नको म्हणाले. त्या दिवशी मी रडले. पण आरशात बघायला लाज नाही वाटली, हे खरं सांगते.

आन् मग परवाचीच गोष्ट. दारात कोण उभं, तर तोच हवालदार, साध्या कपड्यात, गल्लीत इचारत आलेला. मनात म्हणलं आता काय नवीन काढलं ह्यानं. पायरी चढला नाही, खालूनच बोलला, बेटी को लडकी हुई, तुम होना, म्हणजे तुम्हीच पाहिजे. म्हणलं, शहरात बाया कमी हायत का? खाली बघून म्हणाला, भोत हैं, लेकिन मैं घर में बोला, वोइच अम्मा होना जो फोन नहीं खोली.

गेले. काऊन नाही जायचं, पोरीनं काय बिघडवलं माझं? पोरगी न्हाली, नात दुपट्यात गुंडाळली, मी उंबऱ्यावर हात धुवायले न् पडद्याभाईर खाकरल्याचा आवाज आला. ड्युटीवर निघाला होता, खाकी घातलेली, टोपी हातात. म्हणाला, अम्मा, अंदर आऊं? मी म्हणलं, ठैरो. ठैरला. तशीच खाकी, तोच माणूस, न् पडद्याभाईर उभा. माझी छाती आशी भरून आली, ताई, काय सांगू तुम्हाला. पोरीनं पदर नीट केला, हौ म्हणली, तवा मी पडदा सारला.

लेकरू त्याच्या हातात दिलं, म्हणलं, शंभर वर्षं जग, माय, न् कोणाला भिऊ नको. आता रोज जाते तिथं, तब्येत झकास हाय दोघींची. पोरीचं नाव काय, कुठं राहतात म्हणता? चहा घ्या, ताई, गोड हाय.