ते हिरवं गेलं कुठे?

...आणि मॅडमना काय जातंय हो सांगायला! मी आपली प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी, शिक्षण सातवी, मला कशाला दाखवायचं ते? पण बोलावलं, ये, गंमत बघ म्हणून. पडद्यावर बियाण्यातली एक पेशी, डोळ्यांना दिसणार नाही एवढीशी, ती भिंतीएवढी केलेली. आत तेलाचे थेंब, आणि प्रत्येक थेंबाभोवती हिरवं चमकतं कडं. ते म्हणे प्रोटीन. बनतं भलतीकडे, पण जाऊन चिकटतं बरोब्बर थेंबालाच, कारण त्याच्या अंगात तेलात रुतणारा एक तुकडा असतो. इथवर ठीक. दुसऱ्या चित्रात तो तुकडा कापलेला, मुद्दाम! तुम्हाला सांगते, ते हिरवं पेशीभर धुक्यासारखं भटकत होतं... आणि तिसऱ्या चित्रात नाहीच. मी म्हटलं, मग ते गेलं कुठे? मॅडम चहा ढवळत म्हणतात, "जागा सापडली नाही की पेशी मोडून टाकते त्याला."

मोडून टाकते! आणि आम्ही नुकतंच घर बदललेलं, माझी पहिलीतली लेक सोमवारपासून शाळेतून एकटी येणार. आता डोळ्याला डोळा लागेल? तवा घासताना पाण्यावर तेलाचा थेंब दिसला तरी वाटायचं, याला कोण शोधत फिरतंय... आणि ते गेलं कुठे? ह्यांना सांगितलं, तर कूस बदलून म्हणाले, "अगं, ती पोरगी आहे, प्रोटीन नाही."

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी माझ्या हातून बाटली फुटली. मॅडमच म्हणाल्या, जा बाई घरी. जी सुटले! चप्पल तुटली, हातात घेतली, वळणावर दिसेनाशी होणारी प्रत्येक पोर मला माझीच वाटायची. जिना चढले, दार बडवलं... आत अनोळखी बाई. आणि लेकीची उंची मांडलेल्या रेघांची ती भिंत पांढरीफटक. पुसून टाकली माझी पोर! मी ओरडले, गेली कुठे? ती बाई हळूच म्हणाली, "ताई, हे घर तुम्ही सोडलंत ना?"

नव्या घरी धापा टाकत पोचले, तर लेक शेजारच्या काकूंच्या पायरीवर बसून बिस्कीट खातेय. माझ्या हातातली चप्पल बघितली, विचारलं कुठे होतीस. मी म्हटलं, जुन्या घरी गेले गं चुकून.

तिनं बिस्कीट संपवलं, हात झटकले.

"उद्यापासून शाळेच्या फाटकाशी थांबत जा. मी आणीन तुला घरी."

थांबते आता रोज. काय करणार...