पूरमुक्त रान

आमच्या चुलत्याला, तात्याला, कुणी गप्प करू शकत न्हाय बघा. पुरात सबस्टेशन बुडून वीज जाऊ नये म्हणून वीज कंपनीचे साहेब पंचगंगेकाठी पाणी न चढणारी जागा शोधत आलते. नेमकं तात्याचंच रान त्यांच्या डोळ्यात भरलं. तात्याला तर तिथं प्लॉट पाडून विकायचे होते.

छातीला हात लावून तात्या म्हणाला, “साहेब, पुरात हितं एवढं पाणी असतंय!”

साहेबांनी बांधाकडं बोट केलं. “मग त्या बोर्डावर ‘पूरमुक्त प्लॉट विकणे आहे’ असं का लिहिलंय?”

बोर्डावर नंबर माझा. मी हळूच मोबाइल बंद केला.

तात्या ढिम्म. “त्यो बोर्ड व्हय? त्यो मागच्या पुरात वाहत आलाय की!”