गवताची दवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला कुणाचंच मन तयार नाही त्या आमच्या विभागप्रमुख डॉ. कामिनी मॅडम, प्राणिशास्त्र विभागातले माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना रितिकाचा नमस्कार. प्राचार्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पण आज सकाळपासून मी इतकी खुशीत आहे, की ती पुरतील असं काही वाटत नाही.

मॅडमनी आयुष्य कशात घातलं, हे नातेवाइकांना सांगताना आमची पंचाईत होते. वाघ नाही, हत्ती नाही, पाणपिसू! मोहरीहून लहान, तळ्यात टुणटुण उड्या मारणारा जीव. भिंगाखाली धरला की त्याचं हृदय धडधडताना दिसतं. एवढ्याशा जिवाची कुणी काळजी करावी का? करावी, कारण माशांची पिल्लं तेच खाऊन मोठी होतात. हे मॅडम वर्गात सांगायच्या आणि आम्ही जांभया द्यायचो, हेही खरं.

गेल्या वर्षी भिवापूरकडच्या एका गावातून चंद्रभानजी विभागात आले. गावच्या तलावात मासेमारी करणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष. पावसाळ्यात तलावात सोडलेलं मत्स्यबीज दरवर्षी महिन्याभरात नाहीसं व्हायचं. आणखी एक हंगाम असाच गेला तर तलाव सोडायचा आणि बाहेरगावी मजुरीला जायचं, असं संस्थेतल्या घरांनी ठरवलं होतं. त्यांचा संशय होता तलावालगत शेती असलेल्या कवडूजींवर. हा माणूस मुद्दाम जहर टाकतो, असं गावात उघड बोललं जाई. चंद्रभानजी आणि कवडूजींच्या घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणंही सोडलं होतं.

आता गंमत बघा. हे गाव बेफिकीर नव्हतं. कीटकनाशक मारलेला फवारणीचा पंप तलावावर न्यायचा नाही, हा तिथला जुना दंडक. कवडूजींनी तो कधी मोडला नाही. पण तणनाशक मारलं की पंप घ्यायचा, तलावाच्या घाटावर जायचं, पंप खळखळून धुवायचा आणि आंघोळ करून घरी यायचं, असं सगळेच शेतकरी करत. मॅडमनी विचारलं तर कवडूजी शांतपणे म्हणाले, "ते तं गवताची दवा आहे. जित्राबाले काय होते त्यानं?" मोठी मासोळी घाटाजवळ मजेत पोहत होती. मग त्यांचं म्हणणं खोटं कोण ठरवणार?

मॅडमनी वाद घातला नाही. समाजमंदिरात दोन बरण्या ठेवल्या. एकीत तलावाच्या मधलं पाणी, दुसरीत नुकताच पंप धुतला होता त्या घाटाचं. दोन्हींत सारख्याच पाणपिसवा सोडल्या, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली दिली कुणाला? कवडूजींना! चंद्रभानजी तर चिडलेच. पण मॅडमची रीतच ही, ज्याचा विश्वास नाही त्याच्याच हाती किल्ली.

दोन दिवसांनी कवडूजींनीच गावासमोर कुलूप उघडलं. एका बरणीत उड्या चालू होत्या, दुसरीच्या तळाशी नुसता गाळ बसल्यासारखं दिसत होतं. "हेच माशांच्या पिल्लांचं खाणं," म्हणत मॅडमनी भिंग पुढे केलं. कवडूजींनी बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "मॅडम, मी तं गवत मारायले दवा आणली होती. हे कोणतं गवत होतं?" मला अजूनही ते वाक्य आठवलं की गलबलून येतं. चंद्रभानजी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

यंदा एकही पंप घाटावर आला नाही. कवडूजींनी स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं, पंप बांधावर धुवा, ते पाणी शेतातच जिरू द्या. जुलैत मत्स्यबीज सोडलं. तेव्हापासून मॅडम मला रोज विचारत, काही कळलं का गं? निकाल न बघताच रिटायर व्हावं लागणार, ही त्यांची खंत होती.

मॅडम, निकाल आला आहे. आज पहाटे जाळं टाकलं. तुमच्या उजव्या हाताच्या दारातून चंद्रभानजी आणि कवडूजी आत येत आहेत, एकाच बादलीला दोघंही हात लावून! तीत बोटाएवढी झालेली, अंगानं भरलेली पिल्लं आहेत. संस्थेनं तलाव सोडलेला नाही, मॅडम. कोणीच मजुरीला गेलं नाही.

मान्यवरांचे, आयोजकांचे आणि ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. वेळ जास्त घेतला, ते पोटात घालावं. आणखी एका आगाऊपणाबद्दलही क्षमा मागते. ही पिल्लं जिवंत आहेत तोवर तलावात परत पोचली पाहिजेत, गाडी खाली उभी आहे, आणि ती मॅडमच्या हातानंच सोडायची असं गावानं ठरवलं आहे. तेव्हा अध्यक्ष महोदय, जेवणाआधीच तुमच्या सत्कारमूर्तींना आम्ही घेऊन निघालो. मॅडम, चला.