पुंजारामचा तितर

— न्हाई, पिंजऱ्याला हात नका लावू, लालभाई. आधी बसा. तिथं न्हाई, ती चौकट उधईनं खाल्लीय, टेकताल अन् दारासकट भायेर जाताल. हां, तिकडं, घोंगडीवर. चहा? ह्या लढाईत साखर कुठं मिळून राह्यली — गुळाचा पेता का? न्हाई ना. वाटलंच मला. तुम्ही चहासाठी न्हाईच आले. ह्यांच्या तेराव्याला आल्ते तव्हा बी तुमची नजर पिंजऱ्यावरच होती, मी काय आंधळी हाय? सारी रडून राह्यली अन् तुम्ही आपले तितराकडं बघून राह्यले. सगळं जालनं म्हणायचं, पुंजारामचा तितर, पुंजारामचा तितर — पुंजारामची बायको म्हणून कुणी वळखलं का मला कव्हा?

देवमाणूस होते म्हणता? म्हणा, तुमचं काय जातं. कापसाच्या जिनात राबले, ते मी न्हाई म्हणत न्हाई. दिवाळी सरली, भोंगा वाजला, की हे इंजनापुढं उभे — लाकडं घालायची, जाळ राखायचा. घरी यायचे ते भुवयांत कापूस, मिशीत कापूस, डोळे लालभडक. तापात बी गेले, पण खाडा न्हाई केला. मंग? बैल बी खाडा करत न्हाई, त्याला कुणी देव म्हणतं का? अन् जुम्म्याची सुट्टी आली की माणसानं लेकरांत बसावं, दोन गोष्टी बोलाव्या — हे अंधारातच पिंजरा उचलून माळावर! अन् दारात खाकरायला कोण? तुम्हीच. अन् तिथं जाऊन पराक्रम काय, तर पाळलेला तितर पिंजऱ्यात ठुवायचा, भवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे, अन् दोन बापे बोरीमागं पालथे पडायचे. आतला वरडला की रानातला भांडायला येतो अन् फाशात आडकतो. शिकार म्हणं! भांडायचं तितरानं, आडकायचं तितरानं, अन् मिशीला पीळ ह्यांच्या. घरी यायचं काय तर मुठीयेवढं पाखरू — पिसं उपटून माझी बोटं सोलायची, अन् रश्श्यात फोड शोधावी लागायची.

अन् ह्या नवाबाला ज्वारी चालत न्हाई बरं का. ज्वारीवर तितर वरडत न्हाई म्हणं, त्याला उधई लागती. परसात उधईचं वारूळ आलं तव्हाच मी कुदळ घेऊन गेल्ते, तर हातातून हिसकली — म्हणले, त्याचं कोठार हाय ते. कोठार! त्या कोठारानं आमची चौकट खाल्ली, मंग पाट खाल्ला, मंग माझ्या आईनं दिलेली पेटी खाल्ली. लग्नातलं लुगडं उचलाया गेले तर हातात माती आली, लालभाई, नुसती माती. मी रडून राह्यले, अन् हे काय म्हणले? म्हणले, आवंदा तितर लई जोरात हाय. — हसू नका. माझा जीव जळतो अजून.

द्वारकीला बघायला धावड्याचे पाव्हणे आल्ते तव्हाचं तर तुम्हाला ठावंच हाय. पोरगी पोहे घेऊन उभी, अन् तिचा बाप कुठं? माळावर! आले ते कुसळांनी भरलेले, खांद्यावर पिंजरा. मला वाटलं, गेलं हे स्थळ. तर व्याह्याला बी तोच नाद! दोघं पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले, एक चुटक्या वाजवतो, एक शीळ घालतो — अन् जमलं लग्न. पोरीला सैपाक येतो का, शिवण येतं का, कुणी इचारलं न्हाई. माझी लेक तितराच्या वरडण्यावर दिली. सुखात हाय ती, हां, सुखात हाय. पण ते पोरीचं नशीब, ह्यांची अक्कल न्हाई.

अन् मला? मला कधी हाक न्हाई मारली. लोकांचे नवरे आगं म्हणत्यात, द्वारकीची आई म्हणत्यात. हे गल्लीच्या तोंडाशी आले की शीळ घालायचे — तीच, तितराला बोलवायची. पिंजऱ्यात तो फडफडायचा अन् चुलीवर मी तवा टाकायची. सारा जन्म. एकदा बोलले, मी काय तितर हाय का? म्हणले, तू त्याच्यापरीस जल्दी येती. लाज म्हणून न्हाई माणसाला.

तुम्हाला देऊन गेले म्हणता? कव्हा? जाताना मी होते उशाशी, तुम्ही न्हवते. लेकरांचं नाव न्हाई, माझं तर न्हाईच — त्याला फिरवून आण, म्हणले, अन् डोळे मिटले. मंग कोण फिरवतं? म्हंजे? कुणी बी फिरवत न्हाई. — वारूळ ताजं खणलेलं दिसतंय? नजर भारी तेज हो तुमची. कोंबडीनं उकरलं आसंल. — कोंबडी न्हाई आमच्यात, हां. बरं, मी खणते. पाखराला मारू का उपाशी? अन् नेते बी मीच, कुंडलिका नदीच्या अंगाला, उजाडायच्या आत. रांडव बाई पिंजरा घेऊन माळावर, लोकं काय म्हणतील. सोडते, पळतो, मंग थांबतो, इकडं बघतो, तिकडं बघतो — माझ्याकडं न्हाई बघत. शीळ कुठं येती मला? ओठ करते तसे, नुसती हवा जाती. पदर टाकून धरून आणते मंग. ह्यांच्यापायी काय काय करावं लागून राह्यलं, मेल्यावर बी सुटका न्हाई.

अन् तुम्हाला न्यायचाय? हे घ्या, दार उघडलं पिंजऱ्याचं. दुसऱ्या कुणाच्या शिळेवर येत न्हाई तो, अन् तुमच्या तर बिलकुल न्हाई. घाला शीळ. आला तर तुमचा. — लाजता काय, घाला की.

— 

— हे... हे कुठं शिकले तुम्ही? ह्यांनीच शिकवली? बराबर तीच. शेवटाला वर जाऊन तुटती, तशीच. — गेला की मांडीवर तुमच्या. गेला. — मी? मी कुठं उठले? चूल बघायला उठले. न्हाई, चुलीवर काय न्हाई... हा तवा... हा हातात कसा आला माझ्या...

न्या त्याला. न्या म्हणते ना. उन्हात ठुवू नका, उधई परसातून घेऊन जात जा, वारूळ राहू देते मी. पण लालभाई, ह्या गल्लीत पुन्हा शीळ घालायची न्हाई. कळलं? मागल्या अंगानं यायचं, गुमान, अन् जायचं. — उठा आता. दार लोटू नका, लागत न्हाई ते. जावा.