राखणदाराच्या वडाखालच्या लाद्या

"राखणदाराच्या वडाला बायकांनी हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचंही नाही." गावाची राखण करणाऱ्या देवाच्या या वडाबद्दल लहानपणापासून हेच ऐकलंय मी! आता परवा डिचोलीच्या बाजारातल्या त्याच वडापाशी काय झालं, ते ऐका. वाड्यावरच्या काकामंडळींनी भक्तिभावाने त्या वडाच्या बुंध्यापर्यंत लाद्या बसवल्या होत्या, आणि वड वाळत चालला होता. आम्ही मैत्रिणी पहार घेऊन थेट पारावर चढलो. पहिली लादी उचकटली, तोच बाबुलीकाका ओरडत आले, "अगो, राखणदार कोपतलो! खाली उतर आधी!"

"काका, तुम्ही त्याला नैवेद्याला भाकरीचा रोट देता, विडी देता. पाणी मुळापर्यंत कुठून जातं, तेवढं दाखवा. लगेच उतरते."

काका वाकून लाद्यांच्या फटी शोधायला लागले. फटींतही सिमेंट!

"मग मी नाही उतरणार," म्हटलं आणि दुसऱ्या लादीखाली पहार घातली.