टोपीवाला ए

न्हाई किशनराव, आभार माहे मानू नका. तुमच्या लेकीनं, करुणानं, काय सांगितलं तुमाला? चूक तिची, अन् बालाजीकाकानं निस्तरली? असं म्हनली ती? — बसा. बसा जरा. चूक माही होती. तिच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात दोन अक्षरं होते. साधा ए म्हंजे खरी किंमत. डोक्यावर टोपी असलेला ए म्हंजे अंदाजानं काढलेली. दोन्हीत फरक किती पडतो, त्याच्यावरच सगळे साठ पानं. कागद देतानाच म्हनली, "काका, टोप्या तेवढ्या सोडू नका." मी काय म्हनावं? "तीस वर्षं झाले वसमतीत टायपिंग करून राहिलो, मला शिकवती का?" — अन् ते गणिताचं सॉफ्टवेअर उघडलं तर टोपी द्यायची कशी तेच येईना. कोन्तंबी बटण दाबा, नुसते चौकोनी डबे उमटायचे. तिलाच इचारायचं न्हाई का? इचारायचं होतं, व्हय. लाज वाटली. लेकीच्या वयाच्या पोरीला काय इचारायचं — दिल्या सोडून सगळ्या. वरून म्हनलो, "मी स्वतः तपासलं, बाइंडिंग करून घे."

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले, त्यांनी पान उघडलं. "ए मधून ए वजा, शून्य. दोन वर्षं हेच काढलं का?" सगळे हसले म्हने. प्रकल्प परत करून आना म्हनले, सहा महिने गेले पोरीचे. हितं आली, रडली न्हाई — नुसती म्हनली, "काका, माह्या हातानं लिहिलेले कागद द्या, सरांना दाखवते." मी म्हनलो, रद्दीत गेले. न्हवते गेले, किशनराव. ह्याच खणात होते. ते दिले असते तर गावभर झालं असतं का, टायपिंगवाल्याला येत न्हाई — हे सांगायचं न्हवतं मला तुमाला. कसं निघालं तोंडातून.

दुसऱ्या बारीला ती स्वतःच ह्या खुर्चीत बसली. एस्केप, ए, टोपीची खूण, परत एस्केप. चारच बटणं हो! एकेक टोपी दिली तिनं, दोन दिवस. मला म्हनली, "बघून ठेवा काका, पुढच्या पोरीला लागंल." मधीच पेन्सिल पाहिजे म्हनून खण उघडला. कागद वरच होते. तिनं पाहिले — अन् खण लावून घेतला. तरी घरी तुमाला चूक आपलीच सांगितली.

असं बघू नका किशनराव. शिवी द्या एखादी. — न्हाई? मग हे घ्या कागद, तिचेच हायेत. अन् निघा. मला दुकान बंद करायचंय... दिवस हाय अजून, ठावं हाय मला. जा तुमी.